जुन्या घरातले दिवे-पंखे रिमोटवर घ्यायचे आहेत: ४३३ मेगाहर्ट्झचा रेडिओ, वाय-फाय की झिग्बी?

माडीवरचा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतलं जुनं दुमजली घर. भिंती दगड-मातीच्या, दीड ते दोन फूट जाड. खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर. मागं परडं, तिथं न्हाणीघर आणि बोअरची एक एचपीची मोटर. वर माडी. वायरिंग केसिंग-कॅपिंगचं, बोर्ड अजून लाकडी-सनमायकाचेच. रिमोटवर घ्यायचंय ते असं: सोप्यातले तीन दिवे, सोप्यातला पंखा, जिन्याचा दिवा, परड्यातला दिवा, गीझर आणि जमलं तर मोटर. अटी दोन. आईला मोबाईल हातात घ्यायला लावायचं नाही, आणि भिंतीवरचा खटका आज चालतो तसाच चालला पाहिजे. दुकानात विचारलं की जो तो आपल्याकडचा माल पुढं करतो. म्हणून इथं विचारतोय.

रंकाळ्याचा_वारा
खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! खटकाच काढला तर आम्ही म्हणायचं काय?

फेजवाली
आधी लोड बघा, म्हणजे कुठलं उपकरण किती करंट ओढतं ते. रेडिओ नंतर. सगळे रेडिओवर भांडतात आणि मग जळतो तो रिले, म्हणजे रिमोटच्या हुकमावर चालणारा आतला खटका.

तुमच्या यादीत तीन जातीचे लोड आहेत. एलईडी दिवे चालू असताना ९-१० वॅटचे, पण सुरू होताना त्यांच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर क्षणभर मोठा करंट ओढतो. तीन-चार दिवे एका रिलेवर असतील तर '१० अँपिअर' लिहिलेला रिलेसुद्धा लवकर चिकटू शकतो. गीझर हा सरळ तापणारा लोड: २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला ८.७ अँपिअर, ३००० वॅट म्हणजे १३. मोटर तिसऱ्या जातीची. चालताना सहा-सात अँपिअर, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. मॉड्यूलवर (रेडिओ आणि रिले असलेल्या डबीवर) छापलेला आकडा सहसा तापणाऱ्या लोडसाठीचा असतो. मोटरसाठी तो वाचायचाच नाही.

आता रेडिओ. ४३३ मेगाहर्ट्झ जाड भिंतीतून २.४ गिगाहर्ट्झपेक्षा बरा जातो. रिमोट बटणाचा, राउटर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. आईसाठी हेच. तोटा एवढाच की एकतर्फी असतं. रिमोटनं हुकूम सोडला, तो पोचला की नाही हे रिमोटला कळत नाही. दिवा समोर दिसतो तिथं काही बिघडत नाही. गीझर दिसत नाही, म्हणून गीझर ४३३ वर नको.

सातवी_गल्ली
वाय-फायला एवढं मागं टाकू नका. ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ चिपवर चालणारं मॉड्यूल घ्या, त्यात टास्मोटा किंवा ईएसपीहोम हे मोफत सॉफ्टवेअर टाका, कंपनीच्या सर्व्हरशी संबंध तुटला. इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात चालतं. गीझर २० मिनिटांनी आपोआप बंद, हे ४३३ च्या रिमोटनं करून दाखवा.

जोडताना अडतं ते बहुतेक तीन जागी. ईएसपी८२६६ फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतो. राउटरनं २.४ आणि ५ ला एकच नाव दिलं असेल तर जोडणीपुरतं ५ बंद ठेवा. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ ठेवली असेल तर ती डब्ल्यूपीए२ वर आणा. आणि मॉड्यूलच्या जागी सिग्नल मोजा: उणे ६७ डीबीएमपर्यंत निवांत, उणे ८० च्या पुढं गेलं की तासातासाला 'ऑफलाइन'. मोबाईल बोर्डासमोर धरून नव्हे, बोर्डाच्या आत मॉड्यूल बसवून, वर पाटी लावून मोजायचं.

टेस्टलॅम्प
@सातवी_गल्ली, राजारामपुरीतल्या सहा इंची विटेच्या भिंतीचा हिशोब शुक्रवार पेठेला लावू नका. दोन फुटी भिंत, त्यात वर पत्रा असेल तर परड्यात उणे ८० सुद्धा मिळायचं नाही. दुसरं, लाईट गेली की राउटरला इन्व्हर्टर पाहिजे, नाहीतर लाईट आल्यावर राउटर उठेपर्यंत दोन-तीन मिनिटं सगळं मुकं. तिसरं, प्रत्येक मॉड्यूल स्वतः साधारण अर्धा ते एक वॅट खातं. दहा मॉड्यूल, एक वॅट धरा: १० × २४ × ३० = ७२०० वॉट-तास, म्हणजे महिन्याला ७.२ युनिट, एक दिवाही न लावता.

सातवी_गल्ली
७ युनिटांसाठी कुणी रडत नाही हो.

टेस्टलॅम्प
रडत नाही. पण जाहिरातीत 'वीज वाचवा' लिहितात, तिथं हसू येतं.

तांबडा_पांढरा
झिग्बीचं कुणीच काही बोलेना. मीच बोलतो, थोडक्यात. झिग्बी म्हणजे घरातल्या उपकरणांनी आपसात बोलायचा कमी ताकदीचा रेडिओ. त्यात कायम विजेवर असलेलं प्रत्येक उपकरण पुढच्याला निरोप पोचवतं, म्हणून जाड भिंतीला वळसा घालून सिग्नल जातो. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, परडं अशी साखळी बसते. दोन गोष्टी सांभाळायच्या. स्मार्ट बल्ब भिंतीवरच्या खटक्यानं बंद केला की साखळीतली ती कडी तुटते. न्यूट्रल न लागणारे झिग्बी स्विच सहसा निरोप पुढं ढकलत नाहीत, त्यांना कडी म्हणून मोजू नका. वाय-फाय चॅनेल १ किंवा ६ वर असेल तर झिग्बी २५ वर ठेवा, एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. पण आठ पॉइंटसाठी वेगळं हब (झिग्बीचं मधलं यंत्र) घेऊन बसायचं म्हणजे मिसळ खायला चांदीचं ताट. चव तीच राहते.

फेजवाली
आता 'खटका तसाच चालला पाहिजे' या अटीकडं येऊ, कारण इथंच लोक फसतात. वायरमन साधारण काय करतो? रिसीव्हर (रिमोटचा हुकूम ऐकणारं मॉड्यूल) खटक्याच्या पुढं ओळीत टाकतो. मग कुणी खटका बंद केला की रिमोट मेला. आठवड्यात घरातले खटक्यावर कागद चिकटवतात, 'बंद करू नये'.

त्याऐवजी जिन्याच्या दिव्याची युक्ती वापरा. रिसीव्हर असा घ्यायचा की ज्याच्या रिलेची कॉमन, एनओ (एरवी सुटं) आणि एनसी (एरवी जुळलेलं) ही तिन्ही टोकं बाहेर आहेत आणि फेजपासून सुटे आहेत. साधा वन-वे खटका काढून त्या जागी टू-वे खटका (जिन्यात असतो तो, तीन टोकांचा). फेज खटक्याच्या मधल्या टोकाला. खटक्याच्या दोन बाजूंच्या वायरी रिलेच्या एनओ आणि एनसीला. रिलेचा कॉमन दिव्याला. रिसीव्हरच्या स्वतःच्या पुरवठ्याला फेज-न्यूट्रल वेगळा, खटक्याच्या आधीचा. आता खटका आणि रिमोट हे जिन्यातल्या खालच्या-वरच्या बटणांसारखे: कुठूनही दाबा, दिवा पालटतो. आणि खरी गंमत म्हणजे रिसीव्हर जळाला तरी रिले एनसीवर पडून राहतो, आणि खटका पहिल्यासारखा एकटा चालतो. आईला कळणारसुद्धा नाही.

माडीवरचा
हे भारी आहे! मग जिन्याच्या दिव्याला तर आधीच टू-वे आहे, तिथं सोपंच?

फेजवाली
उलट तिथंच अवघड. दोन टू-वेच्या मधे तिसरी जागा घालायची तर चार टोकांचा इंटरमिजिएट खटका लागतो, साध्या रिलेनं ते होत नाही. जिन्याला रिमोट कशाला? हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर बसवा, माणूस आला की लागेल.

टेस्टलॅम्प
फेजवालीताईंची जोडणी बरोबर, पण तिची एक खोड सांगितली नाही. लाईट जाऊन आली की साधा रिले एनसीवर येतो. दिवा रिमोटनं बंद केला असेल तर मध्यरात्री लाईट आल्यावर तो आपोआप लागू शकतो. शेवटची स्थिती लक्षात ठेवणारा रिसीव्हर घेतला तर हे टळतं. आणि या जोडणीत रिमोटचं 'ऑन' म्हणजे ऑनच असं राहत नाही, म्हणून गीझर किंवा इस्त्रीच्या सॉकेटला ही जोडणी कधीच नाही.

फेजवाली
मान्य. राहूनच गेलं ते.

रंकाळ्याचा_वारा
म्हणजे मध्यरात्री दिवा लागला तर भूत नाही, एनसी. नोंद घेतली.

उद्यमनगर_शेड३
मोटरचं मी सांगतो. वाय-फाय असो की ४३३, मॉड्यूलचा रिले मोटरच्या लाइनीत टाकायचा नाही. रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची (मोठ्या करंटच्या दणकट रिलेची) कॉइल ओढायची, मोटरचा करंट कॉन्टॅक्टरनं तोडायचा. एक एचपी सिंगल फेजला १२ अँपिअर एसी-३ चा (मोटरसाठीच्या वर्गाचा) कॉन्टॅक्टर, कॉइल २३० व्होल्ट. कॉइल सुटताना उलटा झटका मारते, त्यानं मॉड्यूल अडकतं किंवा रीसेट होतं. कॉइलच्या दोन टोकांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (तो झटका गिळणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) टाका, कपॅसिटर एक्स२ जातीचा, म्हणजे थेट मेनवर चालणारा.

पण त्याआधी बोअरचा पॅनेल उघडून बघ. हिरवं बटण क्षणभर दाबून धरावं लागतं का? तसं असेल तर त्या दाबण्यात स्टार्टचा कपॅसिटर जोडला जातो आणि बोट काढलं की सुटतो. अशा पॅनेलचा पुरवठा नुसता चालू-बंद करून मोटर उठत नाही, किंवा गुरगुरत बसते आणि वाइंडिंग जळतं. तिथं दोन चॅनेलचं मॉड्यूल लागतं: पहिला रिले हिरव्या बटणाला समांतर, एक-दीड सेकंदच जुळणारा, दुसऱ्याचा एनसी लाल बटणाच्या लाइनीत. हे मात्र ज्या पॅनेलमध्ये आत कॉन्टॅक्टर धरून राहतो त्यालाच. हिरवं बटण मोटरचाच करंट वाहत असेल तर पॅनेलच बदल, ऑटो-स्टार्टचा (स्टार्टचा कपॅसिटर स्वतःच जोडून सोडणारा) घे. पत्र्याची पेटी उद्यमनगरात हव्या त्या मापाची वाकवून मिळते.

आणि टाकीचा फ्लोट स्विच कॉइलच्या लाइनीत वायरनं जोड. टाकी भरल्यावर मोटर थांबणं वाय-फायच्या मर्जीवर ठेवायचं नाही.

ऊसकरी
मोटरवरनं आठवलं. रानातल्या मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवणाऱ्यांनी सिम बघून घ्यावं. बरेच स्टार्टर २जी वर चालतात, त्यात फक्त ४जी देणाऱ्या कंपनीचं सिम उपयोगाचं नाही. आणि थ्री फेजला एक फेज गेल्यावर तोडणारा प्रिव्हेंटर त्यात आहे का ते आधी विचारा, मिस्ड कॉलचं कौतुक नंतर. लाईट आल्या आल्या मोटर स्वतः उठवणारा ऑटो-स्विच मात्र नको. लाईट आली की गावातल्या सगळ्या मोटरी एका दमात उठतात आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) बसतो. महावितरण म्हणूनच ऑटो-स्विच काढा, कपॅसिटर बसवा म्हणतं.

तांबडा_पांढरा
ऊसकरीदादा, धागा सोप्यातला आहे, तुम्ही शिवारात नेला.

ऊसकरी
शिवारातनंच सोप्यात गूळ येतो भावा.

सातवी_गल्ली
:D
पंख्याचं राहिलं. साधा पंखा की बीएलडीसी (कमी वीज खाणारा, ब्रशलेस डीसी मोटरचा)?

माडीवरचा
साधा. भिंतीवर रेग्युलेटर आहे, पाच टप्प्यांचा.

सातवी_गल्ली
मग दोन रस्ते. एक, वेग बदलणारं पंख्याचं मॉड्यूल. त्यात आत बहुधा २.२ आणि ३.३ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असतात, ते वेगवेगळे जोडून वेग मिळतो. ते लावलं की भिंतीवरचा जुना रेग्युलेटर लाइनीतून पूर्ण काढायचा. दोन्ही एकामागं एक ठेवले तर पंखा घुमतो आणि खालच्या वेगावर उठतच नाही. दुसरा रस्ता, पंखाच बीएलडीसी घ्या. रिमोट सोबतच येतो, ७०-७५ वॅटच्या जागी ३० च्या आसपास खातो. त्यालाही भिंतीवर फक्त चालू-बंदचा खटका, रेग्युलेटर नाही. बीएलडीसीला कपॅसिटरवालं मॉड्यूल लावणं म्हणजे त्याचा सर्किट बोर्ड जाळायचा सरळ मार्ग.

फेजवाली
आईसाठी बीएलडीसी. प्रश्न मिटला. फक्त रिमोट इन्फ्रारेड आहे की रेडिओ ते बघून घ्या. इन्फ्रारेडचा रिमोट पंख्याकडं धरावा लागतो, पांघरुणातनं चालत नाही.

तांबडा_पांढरा
अवांतर: टीव्हीचे पहिले बिनतारी रिमोट प्रकाशावर आणि आवाजावर चालायचे. झेनिथचा १९५५ चा फ्लॅशमॅटिक म्हणजे एक विजेरीच, टीव्हीच्या कोपऱ्यावर झोत मारायचा. ऊन पडलं की चॅनेल आपोआप बदलायचं. पुढच्या वर्षी स्पेस कमांड आला, तो कानाला न ऐकू येणारा आवाज काढायचा. त्याला खिशातली चिल्लर वाजली तरी पुरायची. शेजारच्या रिमोटनं आपला दिवा लागणं ही तक्रार तेवढीच जुनी.

माडीवरचा
तेच विचारणार होतो. पेठेत घराला घर लागून आहे. शेजाऱ्यांनी पण ४३३ घेतलं तर?

टेस्टलॅम्प
रिमोटमधली चिप विचारा. जुन्या पीटी२२६२ मध्ये पत्त्याच्या आठ पिना, प्रत्येकीच्या तीन स्थिती, म्हणजे ३ चा आठवा घात: ६५६१ पत्ते. पण बरेच रिमोट सगळ्या पिना मोकळ्या ठेवूनच विकतात, म्हणजे सगळ्यांचा पत्ता एकच. ईव्ही१५२७ मध्ये २० बिटांचा क्रमांक चिपमध्येच कोरलेला, १०,४८,५७६ शक्यता. शेजाऱ्याशी जुळणं जवळपास नाही. मात्र हे दोन्ही दर वेळी तोच कोड सोडतात, कुणी ऐकून नक्कल केली तर चालते. दिव्याला चालेल. शटर, दार, कुलूप यांना रोलिंग कोडचाच (दर वेळी कोड बदलणारा) रिमोट.

सातवी_गल्ली
बरं, एलईडी बंद केल्यावर मिणमिणतो, त्याचं पण सांगून टाका. रिले बसवल्यावर पहिली तक्रार तीच असते.

टेस्टलॅम्प
कारणं पाहायची ती या क्रमानं. रिले फेजऐवजी न्यूट्रल तोडतोय का? जुन्या घरात हे फार. बल्ब काढून, खटका बंद ठेवून होल्डरच्या दोन्ही पिना टेस्टरनं बघा. फेज असेल तर बहुधा वायरी उलट्या आहेत, आधी ते नीट करा. ते नसेल तर खटक्यावरचा निऑन इंडिकेटर किंवा रिलेवरचा स्नबर थोडा करंट सोडतोय, किंवा एकाच पट्टीतून लांबवर शेजारी धावणाऱ्या वायरींतून तो येतोय. मग दिव्याच्या होल्डरपाशी, फेज-न्यूट्रलवर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ कपॅसिटर टाका, २७५ व्होल्ट एसी किंवा वरचा. त्यातून ७ मिलिअँपिअरच्या आसपास वाहतो, तेवढ्यात तो मिणमिणाट गिळला जातो. साधा सिरॅमिक कपॅसिटर चालणार नाही, तो फुटतो आणि शॉर्ट होतो.

न्यूट्रल शोधताना मात्र टेस्टरवर जाऊ नका. टेस्टर फेज सांगतो, चांगला न्यूट्रल सांगत नाही. ४० वॅटचा जुना तारेचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी, झाला टेस्टलॅम्प. फेज आणि संशयित न्यूट्रलवर धरा. पूर्ण उजेडानं पेटला आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) पडला नाही, तर तो त्याच आरसीसीबीवरचा न्यूट्रल. पेटला पण आरसीसीबी पडला, तर न्यूट्रल त्या आरसीसीबीवरचा नाही किंवा ती अर्थिंग आहे. उसना न्यूट्रल घेऊ नका, पुढं कायम आरसीसीबी पडत राहील. नाव घेतलंय त्याला जागतोय मी.

रंकाळ्याचा_वारा
जगात भारी टेस्टलॅम्प!

उद्यमनगर_शेड३
इन्व्हर्टर कुठला आहे? चौकोनी लाटेचा असेल तर ज्या मॉड्यूलचा पुरवठा कपॅसिटरमधून उतरवलेला असतो ते तापून मरतं. साइन वेव्ह असेल तर काळजी नाही.

आणि शुक्रवार पेठ, नदीच्या बाजूला असाल तर खालचे रिसीव्हर वरच ठेवा. बोर्ड वर घेता येत नसेल तर निदान रिसीव्हर आणि कॉन्टॅक्टरची पेटी माडीच्या पातळीला. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा पाणी कुठवर आलं ते भिंतीवर खूण असेलच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्यापुढं निघाली की रिमोटनं बंद करून बसू नका, मेन खाली करा. रिले एकच वायर तोडतो आणि मॉड्यूलमध्ये फेज कायम असतो. बल्ब बदलतानाही हेच: एमसीबी पाडायचा, मग हात घालायचा.

माडीवरचा
इन्व्हर्टर साइन वेव्हचाच आहे. सगळ्यांचं वाचून ठरलं ते असं: सोप्याचे तीन दिवे आणि परड्याचा दिवा ४३३ वर, शेवटची स्थिती धरणारा, सुट्या टोकांचा रिसीव्हर, टू-वे खटके. पंखा बीएलडीसी. जिन्याला पीआयआर. मोटर तूर्त नाही, पॅनेल उघडून हिरव्या बटणाचं बघतो. गीझरचं काय करू? न्हाणीघरात वाय-फाय पोचत नाही हे खरं आहे.

फेजवाली
गीझरला रिमोटच नको. २० अँपिअरचा डीपी खटका (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आहे तसा ठेवा, आणि तूर्त अर्ध्या तासाचा चावीचा यांत्रिक टायमर, १६ अँपिअरचा. आईनं फिरवायचा, तो आपोआप सुटतो. वायर २००० वॅटला २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची असल्याची खात्री करा, ३००० ला ४. पुढं कधी वाय-फाय नेलंतच तर मॉड्यूल 'लाईट आल्यावर बंद' या सेटिंगवर ठेवा, 'शेवटची स्थिती' वर नाही. दिव्याच्या बरोब्बर उलट.

सातवी_गल्ली
चावीचा टायमर! हरलो.

माडीवरचा
शेवटचं. रिसीव्हरमधनं एक पातळ वायर बाहेर आली आहे, अँटेना म्हणतात. वायरमन म्हणतो गुंडाळून आत कोंबतो.

टेस्टलॅम्प
गुंडाळू देऊ नका. ४३३ ला पाव लहर म्हणजे १७.३ सेंटिमीटर. जास्त असेल तर तेवढीच कापा, कमी असेल तर हात लावू नका, कारखान्यात कॉइलसकट जुळवलेली असू शकते. बोर्डाच्या आत लाकडाला चिकटून सरळ न्या, फेजच्या वायरींना समांतर नको. एलईडीच्या ड्रायव्हरपासून जेवढी लांब तेवढी बरी, नाहीतर रिसीव्हर बहिरा होतो. लाकडी बोर्ड आहे ते तुमचं भाग्य, पत्र्याच्या पेटीत निम्मा पल्ला जातो. आणि टोक उघडं ठेवून भिंतीबाहेर काढू नका. स्वस्त रिसीव्हरचा पुरवठा मेनपासून सुटा नसतो, त्या वायरीला २३० व्होल्ट असू शकतात. टोकावर स्लीव्ह चढवा, आतच राहू द्या.

रंकाळ्याचा_वारा
आणि रिमोट हरवला तर?

फेजवाली
रिसीव्हर एकापेक्षा जास्त रिमोट लक्षात ठेवतो. दोन शिकवून ठेवा, दुसरा देव्हाऱ्याखालच्या खणात. हरवलेला बाद करायचा असेल तर बहुतेक रिसीव्हरवर लर्निंगचं (रिमोट शिकवायचं) बटण आठ-दहा सेकंद दाबून धरायचं. लाल दिवा विझला की आतले सगळेच कोड पुसले जातात, मग राहिलेला रिमोट पुन्हा शिकवायचा. रिमोटमध्ये १२ व्होल्टचा छोटा सेल असतो, २७ए किंवा २३ए. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे, पण २७ए बारीक, एकाच्या जागी दुसरा बसत नाही. आहे तो बरोबर घेऊनच दुकानात जा.